निळ्या अंड्याचा नाद

निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची पैदास करणारा कुंडलचा हा गडी बायकोला 'अगं' म्हणतो आणि कोंबड्याला 'सरकार'. सरकारांची पिसं अशी राखी-निळी, की मोरानं बघितली तर लाजून गाव सोडेल. पण नर कितीही देखणा असो, त्याच्या लेकीचं पहिलं अंडं निळंच पडलं पाहिजे, नाहीतर तो बाद, हा याचा कायदा. आठवडाभर हा सरकारांच्या लेकीच्या, म्हणजे त्यांच्यापासून झालेल्या तलंगीच्या खुराड्याशी सुईणीसारखा बसून होता.

रविवारी त्यानं मला जेवायला बोलावलं. रस्सा असा जाळ, की माझ्या कानांतून धूर निघाला.

"सरकार कुठं दिसत न्हाईत?" मी विचारलं.

"लेकीनं तपकिरी अंडं घातलं," तो डोळे पुसत म्हणाला.

माझा घास हातातच राहिला.

"आवं, सरकारांची तंगडी हाय ती. पानात टाकू नगा."