फक्कीची रेघ

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शिरूरच्या एका सरांनी माझ्या हातावर काळा दगड ठेवून हा एके काळी लाव्हा होता असं सांगितलं. त्यांच्या उपकारानं मी आज भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतो.

गेल्या वर्षी मुलांना दौंडकडच्या एका डोंगरावर नेलं. तिथं काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा आहे. नकाशा काढताना तो लांबून दिसावा म्हणून मी त्यावर फक्की टाकून घेतली, कबड्डीच्या मैदानावर टाकतात तशी. पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन पुन्हा गेलो तर रेघ झाडून टाकलेली आणि वाटेवर बाभळीच्या फांद्या. पलीकडं एक म्हातारे आप्पा बसलेले. पायथ्याची विहीर त्यांची.

“मोजणी झाली. आता सुरुंग कवा?”

तेव्हा मला उमगलं. रानात फक्की पडली की जमीन जाणार, एवढंच इथं लोकांनी पाहिलंय. खडी फोडणाऱ्या क्रशरचे सुरुंग लागले तर विहीर आटेल, ही आप्पांची धास्ती.

मी ओळखपत्र दाखवलं.

“कार्ड कंपनीवालंबी छापत्यात.”

“आप्पा, तुमच्या विहिरीला पाणी का टिकतं, तेच पोरांना शिकवतोय. ती तांबडी माती पाणी खाली मुरू देत नाही. ते तिच्यावरून तुमच्याकडं येतं.”

यानं ते निवळतील असं वाटलं होतं. ते आणखी सावध झाले.

“म्हंजी पाणी कुठनं येतंय तेबी घावलं तुम्हाला. आन् नकाशा कुणाला देणार?”

“कॉलेजच्या कपाटात राहील.”

“कपाटाला चावी असती न्हवं?”

शेवटी मुलांचे दगड फोडायचे सगळे हातोडे त्यांच्याजवळ ठेवले, तेव्हा फांद्या बाजूला झाल्या.

“सर, आता दगड दातानं फोडायचा का?” एक मुलगी पुटपुटली.

“फोड की,” आप्पा म्हणाले. “दातानं फोडलास तर माझी हरकत न्हाई.”

पुढं दिवाळीनंतर एक गृहस्थ कॉलेजात आले. अभ्यासासाठी त्याच डोंगराचा नकाशा हवा म्हणाले. कुठल्या कॉलेजचा अभ्यास, विचारलं तर हसले. कदाचित खरंच अभ्यासक असतील. पण त्यांनी खडकाचं काहीच विचारलं नाही. डोंगरापर्यंत ट्रक जातो का, एवढंच विचारलं. नकाशा देता येणार नाही म्हणालो. त्या दिवसापासून कपाटाची चावी मी खिशात ठेवतो.

यंदा मुलांना घेऊन आधी आप्पांच्या विहिरीवर गेलो आणि हे सगळं सांगितलं.

“दिला?”

“नाही.”

त्यांनी मुलांच्या हातातले हातोडे एकेक करून काढून घेतले आणि त्यातले दोन मला परत दिले.

“एवढ्यावर भागवा,” म्हणाले, आणि आमच्या मागोमाग डोंगर चढू लागले.