शनिवारचा हौद

तिसऱ्या दिवशी सकाळी वैनुकूनं स्वयंपाकघरातली खुर्ची मोडली. मुद्दाम नाही. नुसता बसला होता, गुडघा हलवत. पण तो गुडघा तीन दिवस थांबलाच नव्हता. खुर्ची तरी किती सोसणार?

"काय मोडलं?" आतून स्टॉडर्डनं विचारलं. आवाज कसला, विहिरीत पडलेल्या मांजराचं कण्हणं.

"काही नाही, एल्डर. झोप तू."

"खुर्ची ना?"

"झोप म्हटलं ना, एल्डर!"

एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणि एकमेकांना हाक मारायची 'एल्डर', म्हणजे वडीलधारा. भांडताना शिवी तोंडात आली तरी आधी एल्डर, मग पुढचं. चर्चच्या प्रचाराला, मिशनवर, निघालेल्या पोराला पहिलं नाव राहत नाही. ते घरी ठेवायचं, मैत्रीण आणि गाण्यांच्या सोबत. शर्टाच्या खिशावर काळी पट्टी, पट्टीवर आडनाव. दोन वर्षं तेवढंच.

आणि दोन वर्षं जोडीदार. तो देतील तो. त्याला डोळ्यांआड करायचं नाही, हाकेच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. न्हाणीघराचं दार लागतं तेवढीच काय ती सुटका. त्यामुळे पोट बिघडलं होतं स्टॉडर्डचं, आणि कोंडला गेला होता वैनुकू.

बाहेर एल्को या खाणींच्या गावात फेब्रुवारीचा वारा सुटला होता. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलेला. लांब काठीवर झेंडी लावलेले खाणीचे पिकअप खिडकीसमोरून जात होते आणि वैनुकू प्रत्येकाला मान वळवून निरोप देत होता. भांडी घासून झाली. मग घासलेलीच भांडी पुन्हा घासली. जोर मारले. तेव्हा खालच्या बाईनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

रिकामं बसणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. बाप व्हिलियामी टोंगा बेटांवरून आला, तो वेस्ट व्हॅलीमध्ये काँक्रीट ओतत राहिला. त्या गावातले अर्धे फुटपाथ त्याच्या हातचे. पोरगं हायस्कूलच्या आधीपासून बापाच्या मागे थापी घेऊन रांगलं. हाताला काम नसलं की वैनुकूच्या अंगावर मुंग्या चढत.

तसं मिशनवरही काम कमी नव्हतं. दिवसभर दारं ठोठावायची. पण दारांचं एक होतं. दार उघडणारा आधी वैनुकूकडे बघायचा, एक पाऊल मागे सरायचा आणि मग बोलायचा ते स्टॉडर्डशी. स्टॉडर्ड बाउंटिफुलच्या दंतवैद्याचा मुलगा, सोनेरी केसांचा, वाऱ्यानं वाकेल असा. एका बाईनं तर वैनुकूला पाहून आत ओरडून सांगितलं, "अहो, हप्त्यांची गाडी ओढून न्यायला आलेत!" शर्ट दोघांचे सारखेच पांढरे, पट्टी सारखीच काळी. पण शर्टाबाहेरचं कातडं लोकांना दिसतंच ना. देवाची लेकरं सगळी सारखी, हे सांगायला जायचं आणि उंबऱ्यावरच उलटा धडा घेऊन परत यायचं. वैनुकू हसण्यावारी न्यायचा. रात्री उशीला ठोसे मारायचा.

उलटा निघाला एकच माणूस, डेलबर्ट योस्ट. खाणीत घराएवढे डंपर चालवून पाठ गेलेला, ट्रेलरमध्ये एकटा राहणारा. त्यानं दार उघडलं, दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि वैनुकूला म्हणाला, "ए डोंगर, तू आत ये. ही काडी बाहेर राहिली तरी चालेल."

तेव्हापासून डोंगर आणि काडी त्याच्याकडे जात होते. चर्चच्या नियमाप्रमाणे डेलबर्टनं बिअर सोडली, शिव्या घालत कॉफी सोडली आणि शेवटी सिगारेटही सोडली. या शनिवारी त्याचा बाप्तिस्मा होता. चर्चमधला हौद भरायचा, पांढऱ्या कपड्यांत त्याच्याबरोबर पाण्यात उतरायचं ते वैनुकूनं. मिशनवर येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि त्याच्या हातून आजवर एकही माणूस पाण्यात गेला नव्हता. सोमवारी बदल्या होत्या. एल्कोत त्याला बरेच दिवस झाले होते, म्हणजे उचलबांगडी ठरलेली. तेव्हा हा शनिवार, नाहीतर कधीच नाही. बापानं तिकडे सगळ्या टोंगन मंडळींत सांगून टाकलं होतं.

दुपारी फोन वाजला.

"डोंगर?"

"बोला, डेलबर्ट."

"सिगारेटचं पाकीट आणलंय. टेबलावर आहे. फोडलं नाही अजून."

"मग फोडू नका."

"वा! हे मला सुचलंच नव्हतं."

"आपण फोनवर बोलू या ना. स्टॉडर्डला बरं नाही, मला निघता—"

"फोनवर माझी पोरगी बोलते, नाताळच्या नाताळ. तू येऊन समोर बस. नाहीतर नको येऊस." फोन बंद.

वैनुकूनं हॉलस्ट्रॉमला फोन लावला. चर्चमध्ये नव्या माणसांचं बघणं, हौद भरणं, सगळं त्या गृहस्थाकडे. त्याला सोबतीला घेतलं असतं तर नियमात बसलं असतं. "मी खाणीत आहे, एल्डर. संध्याकाळी सुटेन." बिशप बायकोच्या ऑपरेशनसाठी सॉल्ट लेकला. निवृत्त झालेले एक आजोबा होते, ते फोनच उचलेनात.

"एकटा जा," स्टॉडर्ड पांघरुणातून म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही."

वैनुकूचा हात दाराच्या मुठीवर गेला. मूठ फिरलीसुद्धा. आणि तिथेच त्याचं डोकं चाललं. पकडलं गेलं तर काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दंतवैद्याच्या पोराला समज मिळते, काँक्रीटवाल्याच्या पोराला घरचं तिकीट. शिवाय आतल्या त्या काडीला ताप होता. पडली-बिडली तर उचलणार कोण?

तो मागे फिरला. "ऊठ."

"काय?"

"ऊठ, एल्डर. आपण निघालो."

"मी पायजम्यात आहे! डोकं फिरलंय का तुझं? मला दर दहा मिनिटांनी—"

"बादली घेतलीय."

त्यानं स्टॉडर्डला गोधडीसकट उचललं, जशी सिमेंटची गोणी उचलावी. जिन्यात स्टॉडर्ड किंचाळला, "माझी पट्टी! पट्टीशिवाय बाहेर पडायचं नाही!" वैनुकू शिव्या गिळत परत गेला, नावाची पट्टी आणली आणि त्याच्या गोधडीला टोचली.

डेलबर्टनं दार उघडलं तेव्हा दारात हे ध्यान. "हे काय आणलंस?"

"जोडीदार."

"मेलाय का?"

"अजून नाही," गोधडी म्हणाली आणि बादलीत ओकली.

"माझ्या गालिच्यापासून लांब धर त्याला! अरे देवा. आण इकडे, त्या आरामखुर्चीत टाक." डेलबर्ट कपाटं आपटत सुटला. खारी बिस्किटं काढली. सोड्याची बाटली चमच्यानं ढवळून त्यातला गॅस घालवला, ग्लास स्टॉडर्डच्या तोंडाला लावला. "घोट घोट घे, गाढवा. ढोसू नकोस. तुझ्या आईनं तुला या डोंगराच्या हवाली केलं, तिची कीव येते मला." स्टॉडर्डनं चार घोट घेतले आणि तोंड उघडं टाकून झोपला.

मग टेबलाशी दोघेच. मध्ये पाकीट.

"पाय थांबव. ट्रेलर हलतोय," डेलबर्ट म्हणाला.

"थांबत नाही."

"माझेही हात थांबत नाहीयेत. बघ." त्यानं बोटं पसरून दाखवली. "एक विचारतो. मी ही पेटवली तर शनिवारचं काय?"

"शनिवार नाही. पुढे कधीतरी."

"आणि तुझं काय जातं त्यात?"

वैनुकूचा पाय आणखी जोरात हलू लागला.

"बोल ना. इतके दिवस मला खरं बोलायला सांगतोस, आता तुझी पाळी."

"सोमवारी माझी बदली होईल," वैनुकू म्हणाला. "माझ्या हातून एकही झालेला नाही. बापानं सगळ्यांना सांगून ठेवलंय. शनिवार हुकला तर तुम्हाला दुसराच कुणी पाण्यात घालणार. झालं समाधान?"

"म्हणजे मी तुझा बकरा!"

"मी तसं म्हणालो नाही!"

"तसंच म्हणालास! मी इथे तडफडतोय आणि तू सोमवारचा हिशोब करतोयस!"

"मग ओढा!" वैनुकू ताडकन उठला. डोकं दिव्याला आपटलं. "ओढा ना! माझ्यासाठी थांबू नका. पण मी जाणार नाही. इथेच बसणार."

डेलबर्टनं पाकीट फोडलं. तो बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. वैनुकूनं दार सताड उघडं ठेवलं, आतली आरामखुर्ची नजरेत राहावी म्हणून, आणि गार वारा स्टॉडर्डच्या अंगावर जाऊ नये म्हणून स्वतः उंबऱ्यात आडवा बसला. डेलबर्टनं वाऱ्याकडे पाठ करून सिगारेट पेटवली. अर्धी ओढली, खोकला, उरलेली बर्फात विझवली.

"तुमची ती मुलाखत कधी आहे?" डेलबर्टनं विचारलं. बाप्तिस्म्याआधी दुसरा एक एल्डर येऊन प्रश्न विचारतो, तंबाखूचाही.

"परवा."

"मी नाही सांगणार. अर्धीच तर होती. काडी झोपलीय. तू सोडून कुणी पाहिलं नाही." तो वैनुकूकडे बघत नव्हता. "तुझा शनिवार तुला मिळेल. मलाही तूच हवायस पाण्यात. दुसरा कुठलाच गुळगुळीत पोरटा नको."

गोष्ट सोपी होती. नुसतं गप्प बसायचं. वैनुकूला बापाचा चेहरा दिसला, फोनच्या पडद्यात मावत नसलेला, मागे सगळा गोतावळा. आणि त्याला भयंकर राग आला. डेलबर्टचा आला, नियमांचा आला, त्या झोपलेल्या काडीचासुद्धा. असं कुणी विचारायला नको होतं, आणि विचारलं ते या एकाच दारानं, जे आधी त्याच्यासाठी उघडलं होतं. त्या माणसाला पहिल्याच दिवशी खोटं गळ्यात बांधून पाण्यात न्यायचं? मग त्याला गाडी ओढून नेणारा समजली ती बाई काय चुकली होती?

त्यानं फोन काढला.

"ब्रदर हॉलस्ट्रॉम, शनिवारी हौद भरू नका."

"काय? अरे, माझ्या बायकोनं केकचं ठरवलंय! झालं काय?"

"शनिवार नाही. एवढंच."

"पण कारण—"

डेलबर्टनं फोन हिसकावला. "कारण मी ओढली. ऐकलंस? पोरांवर घसरू नकोस. मी, योस्ट, ओढली." फोन वैनुकूच्या मांडीवर फेकला आणि त्याला ओलांडून तरातरा आत गेला.

वैनुकू उंबऱ्यातच बसून राहिला. थोड्या वेळानं आतून आवाज आला. "मग मला पाण्यात घालणार कोण?"

"हा राहणार इथेच," म्हणत वैनुकूनं आरामखुर्चीकडे बोट दाखवलं.

"ही काडी?" डेलबर्टनं स्टॉडर्डकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे. "मी बुडेन आणि हाही बुडेल."

"शिकवतो त्याला. ताकदीचं काम नाही ते. इकडे या."

सिंकपुढच्या एवढ्याशा जागेत दोघे उभे राहिले. वैनुकूनं डाव्या हातात डेलबर्टचं उजवं मनगट घेतलं. "तुमच्या डाव्या हातानं माझं मनगट धरा. घट्ट. उजव्या हातानं नाक. आता गुडघे वाकवा, पाठ नाही. भार माझ्यावर टाका."

"माझी पाठ गेली तर तुझ्या त्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"टाका भार."

डेलबर्टनं नाक धरलं, डोळे मिटले आणि मागे रेलला. वैनुकूचा उजवा तळवा त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये बसला. माणूस जड होता. वैनुकूनं त्याला हळूहळू सिंकच्या उंचीपर्यंत झुकवलं आणि धरून ठेवलं.

"काय करताय तुम्ही?" आरामखुर्चीतून चिरका आवाज आला.

"नीट बघ, एल्डर," वैनुकू म्हणाला. "हात कुठेय बघून ठेव. यांना घाईनं वर आणायचं नाही, पाठ दुखते."