स्टेजसमोरची सतरंजी

माझा आवडता रॉक बँड पुण्यात वाजवणार होता. पिंपळवंडीहून मी एकटी जाऊ नये म्हणून आईने चुलत्यांना बरोबर धाडलं. ते निघाले ते काखेत सतरंजी मारून. जत्रेतल्या तमाशाला आमच्याकडे दुपारीच सतरंजी टाकून जागा धरतात.

"काका, तिथं सगळे उभेच असतात," मी एसटीत मंचर येईपर्यंत सांगत होते.

"का? लोकांना गुडघे न्हाईत का?"

मैदानात त्यांनी थेट स्टेजसमोर सतरंजी अंथरली, चपला कडेला काढल्या आणि मांडी घालून बसले. मी चिडून लांब उभी राहिले, ओळखच नसल्यासारखी.

पहिलं गाणं सुरू झालं आणि गर्दी पुढे लोटली. काका आता तुडवले जातात या भीतीने मी धावले. बघते तर फाटक्या जीन्समधली, हातभर गोंदलेली पोरंपोरी सतरंजीच्या कडेला थांबून बुटांच्या नाड्या सोडत होती. मग सगळी अनवाणी नाचली. मीही नाचले. गिटार छातीत घुमत होती, मधोमध काका मांडीवर ठेका धरून बसले होते आणि त्यांची नजर बुटांच्या ढिगावर होती.

परतताना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज लई व्हता. पण माणसं घरच्यासारखी व्हती."

परवा त्यांचाच फोन आला. बँड पुन्हा येतोय म्हणे, आणि आता ती सतरंजी पुरायची न्हाई.