वरच्या ताईचा राहिलेला विषय

वरच्या ताईला वांगी निवडता येत नसत. म्हणजे वांगी तिला उत्तम कळत, शेतकऱ्याचीच मुलगी ती. पण पाटीतली चांगली वांगी पिशवीत पडली की तिचे पाय तिथेच अडत. ती वळून पाटीकडे बघे आणि भाजीवालीला विचारी, "मावशी, मंग ह्या राहिलेल्यांचं काय?" भाजीवाली म्हणे, "नेईल की कोणीतरी, माय. न्हाई तर म्हशीला." एवढं उत्तर मिळूनही ताई घर येईपर्यंत मागे वळून बघत राही. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, वांगी आहेत ती, अनाथाश्रम नव्हे." ती हसली. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच.

रेवा, ईशान, तुम्हाला ती आठवत असेल. "वरची ताई" हे नाव तुमचंच. तुम्ही सुट्टीत वसमतला आलात तेव्हा ती आपल्या वरच्या खोलीत राहत होती आणि ईशानला गच्चीवर पतंगाची कणी बांधायला शिकवत होती. सेनगावकडच्या एका तांड्यावरची मुलगी. नांदेडच्या कॉलेजात एमबीए करायची, आणि वसमतहून बस सोयीची, म्हणून आपल्याकडे खोली घेतलेली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून तिच्या बापाला आपलं घर भरवशाचं वाटलं. तिला सोडायला आला तेव्हा पायरीवर उभा राहूनच म्हणाला, "म्याडम, पोरगी हुशार हाय, पर लई ईचार करते. जरा ध्यान ठिवा."

रेवा, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, पुढच्या वर्षाचे इलेक्टिव्ह विषय निवडायचेत आणि मला काहीच ठरवता येत नाहीये." काय घेऊ असंही मला विचारलंस. सल्ला द्यायला बसले आणि ताईच आठवत राहिली. तेव्हा तिचंच लिहिते.

ती लहान असताना त्यांच्या शेतातलं सोयाबीन न्यायला टेम्पो येई. पोती भरून टेम्पो निघाला की ही त्याच्यामागे वळणापर्यंत पळे आणि परत येऊन बापाला विचारी, "कुठं गेला?" "हिंगोलीला." "मंग तिथून?" "मला काय म्हाईत? जा, शेरडं बघ." हा किस्सा तिने मला इतक्या वेळा सांगितला की ते वळण मी पाहिलंय असं मला वाटतं. तांड्यावरचे तिचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर हिंडत. त्यांना आपला माल कुठे जातो ते ठाऊक असायचं, कारण नेणारे तेच. "आता माल जातो आन् आमी वळणावर उभे राहतो," असं ती म्हणे.

पहिलं वर्ष संपलं आणि विषय निवडायची वेळ आली. फायनान्स, मार्केटिंग, एचआर हे नेहमीचे. त्या वर्षी कॉलेजने एक नवा विषय ठेवला होता: शेतमाल बाजारात कसा जातो, कुठे साठतो, कोण विकत घेतं. ताईने ते पान मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू काही मी तिचा रक्ताचा रिपोर्ट वाचत होते. भीतीचं कारणही होतं. पुरेशी मुलं आली नाहीत तर नव्या विषयाचा वर्ग होणार नव्हता, आणि तोवर फायनान्स, मार्केटिंगच्या जागा भरलेल्या असणार. मग उरेल तो विषय घ्यायचा. कॉलेजात बँक नोकरी द्यायला येई, आणि ती फक्त फायनान्सच्या मुलांना बोलवी.

"मग काय घेणार आहेस?" मी विचारलं.

"फायनान्स घेतलं तर बँक येते."

"आणि हे घेतलंस तर?"

"तर टेम्पो कुठं जातो ते कळंल, काकू."

पुढचे काही दिवस तिने वर्गमैत्रिणींना गळ घालण्यात घालवले. सकाळी बसमध्ये एक तयार होई, संध्याकाळच्या बसपर्यंत तिच्या घरचा फोन येऊन ती फुटे. कुरुंद्याच्या एकीच्या घरी हळदीचं मोठं रान, तिच्यावर ताईची फार भिस्त होती. तीही म्हणाली, "दादा म्हणतो हळद काय शिकायची, ती तर घरीच हाय." ताई जेवताना बोटांवर उरलेल्या मुली मोजायची आणि तिच्या ताटातली भाकरी तशीच गार व्हायची.

त्यात आणखी एक गाठ होती. तांड्यावर नाईकापुढे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखापुढे, बैठक बसते. लग्नं, वाटण्या, कामाला कुठे जायचं, सगळं तिथे बोललं जातं. तिथे नाईकाने विचारलं होतं, पोरगी शिकून काय होणार, आणि बापाने अभिमानाने सांगितलं होतं, "बँकेत सायब." बैठकीत दिलेला शब्द बैठकीतच परत घ्यावा लागतो. फोनवर चालत नाही, गुपचूप तर नाहीच.

मी म्हटलं, "अर्ज तुझा, कॉलेज तुझं. तू कोणता विषय घेतलास ते बैठकीला कळणार आहे का?"

"न्हाई कळणार," ती म्हणाली. "म्हणून तर सांगावं लागंल."

नाईक कुठल्याशा लग्नाला गेले होते. ते परतले नेमके अर्जाच्या शेवटच्या दिवशी. अर्ज संध्याकाळी पाचला बंद होणार, आणि तांड्यावर फोन कसाबसा लागतो, नेट लागतच नाही. ताईने पहाटेच्या गाडीला निघताना आपला लॅपटॉप माझ्यासमोर उघडून ठेवला. "काकू, माझा फोन आला तर नवा विषय दाबा. न्हाई आला तर फायनान्स." जिना उतरून गेली आणि परत आली. "दाबाल ना बराबर?"

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. मसाल्याचे डबे पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. दुपारनंतर लॅपटॉपने मला अर्जाच्या पानावरून बाहेर काढलं, पुन्हा आत गेले. मग लाइट गेली, तिच्याबरोबर इंटरनेट गेलं. ईशान, तू फोनवरून हॉटस्पॉट लावायला शिकवलं होतंस ते आठवत आठवत केलं. चार वाजून गेले, फोन नाही. बस चुकली असेल, जीप मिळाली नसेल, बापाने ऐकलं नसेल. साडेचार होऊन गेले. मी बोट फायनान्सवर नेऊन ठेवलं होतं, आणि तेवढ्यात अनोळखी नंबर वाजला.

"म्याडम, तिचा बा बोलून राहिलो."

मी बोट फायनान्सवरून उचललं. तो म्हणाला, "ते शेतीचं हाय ना, तेच दाबा."

"नक्की ना हो?"

"शब्द म्या दिलता, म्याच माघारी घेतला. दाबा आता, येळ चाललाय तुमचा." मागून एक म्हातारा आवाज आला, "आन् तिला म्हनावं, बंद पडलं तर रडायचं न्हाई!" ते नाईक. मी दाबलं.

बैठकीत काय झालं ते ताईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती बोलायच्या आधी बापच उभा राहिला आणि त्याने टेम्पोमागे पळणाऱ्या पोरीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. माणसं हसली. मग एकाने विचारलं, "व्हय की, पर जातो कुठं टेम्पो?" एक म्हणाला लातूरला, एक म्हणाला समुद्रापल्याड, आणि त्यावरून तिथे असं भांडण जुंपलं की ताईचा विषय बाजूलाच राहिला. शेवटी नाईक तिला म्हणाले, "आमाला कोनालाच म्हाईत न्हाई. जा, इचारून ये."

वर्ग झाला नाही.

मुलं कमी पडली. ताईला उरलेला विषय मिळाला, एचआर. तिच्यापेक्षा मलाच जास्त राग आला. मी म्हटलं, "जाऊन भेट प्राचार्यांना, मी येते बरोबर." ती आधीच भेटून आली होती. "ते म्हणाले, एवढ्याशा मुलांसाठी सर कुठून आणू?" तिने चहाचे कप विसळून पालथे घातले. मग म्हणाली, "एचआर पण राहिलेलाच विषय हाय ना, काकू. कोणीच नेला न्हाई त्याला."

बँक आली, हिला बोलावलं नाही. त्या दिवशी ती गच्चीवर नुसती फेऱ्या मारत होती आणि मी खाली तिची पावलं ऐकत होते. काही दिवसांनी बाप तुरीची डाळ घेऊन आला. मला त्याच्याकडे बघवेना. पाणी पिऊन त्याने विचारलं, "रडली का?"

"नाही."

"मंग बरं." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "बँकवाले आलते म्हनं."

"आले होते."

"आले आन् गेले," तो म्हणाला, आणि पिशवीची घडी घालत बसला.

पुढे जवळा बाजारला शेतकऱ्यांनीच काढलेल्या एका कंपनीत तिला काम मिळालं. धान्य निवडणाऱ्या बायका, हमाल, ड्रायव्हर यांची कामं लावायची, त्यांची भांडणं मिटवायची. पगार बँकेएवढा नव्हे, ये-जा आपल्या वरच्या खोलीतूनच. पण एका दुपारी तिचा फोन आला, मागे यंत्रांचा एवढा आवाज की ती ओरडतच होती, "काकू! टेम्पोत बसून आले! लातूरला येतो, मिलमध्ये!" पुढच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं म्हणे: लातूरपर्यंत कळलंय, पुढचं अजून विचारून राहिले.

मग कंपनीने तिला लातूरलाच ठेवलं आणि तिने आपली खोली सोडली. बाप ट्रंक घेऊन पुढे बसस्टँडवर गेला. ती खोली झाडून, किल्ली माझ्या हातात देऊन फाटकापर्यंत गेली आणि वांग्यांच्या पाटीकडे बघावं तशी वळून माझ्याकडे बघत राहिली. आधी तुमचे आईबाबा शहरात राहायला गेले होते, तुमची सुट्टी संपली होती, आता ती.

"काकू, समदेच गेले," ती म्हणाली. "मंग तुमचं काय?"

तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला हसवायला म्हटलं, "नेईल की कोणीतरी, माय. न्हाई तर म्हशीला." ती हसली नाही. पिशवी खाली ठेवून माझ्याशेजारी पायरीवर बसली. बापाचा फोन वाजत राहिला. ती बस तिने जाऊ दिली.

रेवा, कोणता विषय घ्यायचा ते तुझं तू ठरव. ठरलं की फोन कर, आणि जो सोडलास त्याचंही सांग. मी घरीच आहे.