बाटल्यांचा डोंगा

आमच्या बाजूच्या खोलीत एक केवटीण राहायची, नावाड्यांच्या जातीतली. तिचा माणूस शिंगाड्याचा तलाव करायचा. रायपूर संपते अन् नव्या रायपूरचा मोठा रस्ता लागते, त्याच्या आतल्या अंगाले गावाचा तलाव होता. पंचांनी तो त्याले लावून दिला होता. जेठात बेल, म्हणजे शिंगाड्याची वेल, लावायची, दसऱ्यापासून शिंगाडे तोडायचे. त्या वर्षी बेल लावली अन् भादव्यात तो कावीळ होऊन गेला.

तेरवी झाली अन् देवर, म्हणजे तिचा दीर, लाकडाचा डोंगा, त्यांची लहानशी होडी, घेऊन गेला. बापाचा होता म्हणे. पंचांनी तिले सांगितलं, बेल तुझ्या माणसानं लावली, तोड तू. पण जेठौनीपर्यंत तलाव तोडून झाला नाही तर पुढं तलाव देवराचा. जेठौनी म्हणजे आपली तुळशीच्या लग्नाची एकादशी. उशीर झाला का शिंगाडा पिकून गळते, चिखलात जाऊन बसते. डोंग्याशिवाय मधात जाता येत नाही. सगळ्यायले माहीत होतं ते, पंचायलेही.

मी तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये भांडे घासायची. माझे मालक रेल्वेच्या ठेकेदाराकडे होते, रुळावर गेले, तर ना नोकरी भेटली ना पेन्शन. ते गेले तेव्हा तेरा दिवस ह्याच केवटिणीनं माझ्या चुलीवर भात शिजवला. ब्राह्मणपाऱ्यातून आमच्या नात्यातल्या बाया आल्या होत्या. "हे कोण शिजवून राहिली?" म्हणून विचारलं अन् चहा न पिता उठल्या. मी बसून जेवली.

म्हणून मी तिले म्हटलं, "आपण बनवू डोंगा."

"काय के?" ती म्हणे, कशाचा म्हणून.

"ते पाहू."

मोटरच्या ट्यूबवर बसून लोक शिंगाडे तोडतात. तिनं ते केलं होतं. शिंगाड्याले काटे असतात, ट्यूब एका फेरीत फुस्स होते. मग मले हॉलमधल्या बाटल्या दिसल्या. पाहुणे गेले का ढीग राहायचा. एकात काटा गेला तरी बाकीच्या तरंगतीन, असा माझा हिशोब. पाण्याच्या बाटल्या पातळ, दाबल्या का कडकड वाजतात, त्या नाही घेतल्या. ठंड्याच्या, म्हणजे सोडा-शरबताच्या, मोठ्या घेतल्या. त्यातल्याही हिरव्या सोडल्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्याच ठेवल्या. आत पाणी शिरलं तर बाहेरून दिसलं पाहिजे ना. वीस-पंचवीस दिवस मी पोतं डोक्यावर घेऊन घरी यायची. हॉलचा मॅनेजर म्हणे, "अम्मा, कबाड का धंदा चालू किया क्या?" मी म्हटलं, "हव."

बांबू चिरून चौकट केली. मांडववाल्यांच्या उरलेल्या दोऱ्यांनी बाटल्या ओळीनं आवळल्या, वरून मांडवाची आरपार दिसणारी जाड प्लास्टिकची पन्नी. काम दुपारी करायचो, टिनाच्या खाली, कारण सकाळी अन् संध्याकाळी मी भांड्यावर. कुवारातलं, आपल्या आश्विनातलं, ऊन. घाम पुसत झाकणं घट्ट फिरवली, पाय रोवून दोऱ्या ताणल्या.

सकाळी हातठेल्यावर टाकून नेला. देवर काठावर दातून करत बसला होता.

"भौजी, ये डोंगा आय के कबाडी के ठेला?"

"तोर आँखी फूटे हे का?" ती म्हणाली अन् बसली. दोराचं टोक माझ्या हातात. दहा हात गेली नसंल, एक बाटली बाजूनं निसटली. मग दुसरी. मग तर जशी बदकाची पिलं, एकामागून एक. तिच्याखालची चौकट वाकली, ती कमरेपर्यंत पाण्यात, वेल पायाले गुंडाळलेली. मी दोर ओढला तशी आली, पायभर काटे घेऊन. देवर दातून फेकून हसला. ती रडली नाही. काठावर बसून काटे काढत म्हणाली, "छोड दे दीदी. ओकरे हो जाही तलाव." त्याचाच होईल म्हणे.

मी बाटल्या गोळा केल्या. सगळ्या पिचकलेल्या, गाल आत गेल्यासारख्या. पण आत पाण्याचा थेंब नाही, दिसूनच राहिलं होतं. मग फुटल्या नाहीत, तर पिचकल्या काहून? तशीच पाहत बसली. ऊन चढलं अन् एकेक बाटली टक करून फुगली, आपोआप.

तेव्हा मले हॉलचे डबे आठवले. गरम भाताच्या डब्याले घट्ट झाकण लावलं का थंड झाल्यावर निघता निघत नाही, जसं आतून कोणी ओढून धरलं. आम्ही दुपारची गरम हवा बंद केली होती. थंड पाण्यात ती आकसली, बाटल्या बारीक झाल्या, दोऱ्या ढिल्या पडल्या. चूक आमचीच.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये गेली नाही. पहाटे तलावाच्या काठावरच सगळी झाकणं उघडली, थंडीची हवा घेऊ दिली, पुन्हा लावली अन् दोऱ्या आवळल्या. आता ऊन लागलं तर बाटल्या फुगून उलट घट्टच होतीन. केवटीण दूर बसून पाहत होती. तिले पाण्याची भीती नव्हती, त्या हसण्याची होती.

"बस," मी म्हटलं.

"नई."

"मग मी बसते."

"तोला तौरे बर आथे का?" पोहता येते का म्हणून विचारलं तिनं.

"नाही येत," म्हटलं अन् मी बसली. लुगडं कंबरेले खोचलं, दोर तिच्या हातात दिला. हातानं पाणी मागं ढकललं. खाली पाहिलं तर पन्नीतून, बाटल्यांतून, पाण्यातली वेलीची मुळं दिसत होती, चवरीसारखी झुलत. बाटल्या कोरड्या. मी एक वेल उलटी केली, चार शिंगाडे तोडले, दोन हाताले टोचले.

"अवो, हे तर तरंगून राहिलं!" मी ओरडली.

तिनं मले सर्रकन ओढून काठाले घेतलं. "उतर, उतर! कच्चा तोडून राहिली, फसल बिगाड देबे!" त्या दिवशी मले पहिल्यांदा तिची बोलणी खाऊन बरं वाटलं.

मग रोज ती तोडे, मी दोर धरे अन् भांड्याची वेळ झाली का पळे. काटा लागून बाटली भरली तर वरूनच दिसे, ती बदलायची. जेठौनीच्या सकाळी पंच आले. पलीकडचा एक कोपरा राहिला होता, खाटेएवढा. देवर म्हणे, पूरा नाही झाला. म्हाताऱ्या पंचानं हात डोळ्यांवर धरून पाहिलं अन् म्हटलं, "एतका तो मछरी मन बर छोड देथन." एवढं तर मासोळ्यांसाठी सोडतोच म्हणे. तलाव तिच्याकडंच राहिला.

देवर थांबला होता. सगळे गेल्यावर म्हणे, "भौजी, लकडी वाला डोंगा ले जा. घर में परे हे."

ती उकडलेला शिंगाडा सोलत होती. आधी मले दिला, मग एक त्याच्या हातावर ठेवला.

"रहन दे," म्हणाली, "गरू हे. दो झन माईलोगन ले नई उठय."

जड आहे, दोन बायांच्यानं उचलवत नाही म्हणे. पोतंभर शिंगाडे डोक्यावर घेऊन आम्ही दोघी घरी आलो.