विहिरीवरचा भोंगा आज पुन्हा बोलला

वहिनींना जाऊन आज वर्ष झालं. आणि आज सकाळीच त्यांनी आबांना ओरडून मोटर बंद करायला लावली!

घाबरू नका, मी शुद्धीवर आहे. दौंडला संस्कृत शिकवतो, एवढाच काय तो दोष.

न्हावऱ्याला आमची विहीर एक, पाणी घेणारे दोन. माझे दादा आणि आमचे चुलते आबा. कुणाची वेळ संपली, यावर रोज शंखध्वनी.

म्हणून सुनंदावहिनींनी मोबाईलवर कोडिंगचा कोर्स केला आणि प्रोग्रॅमच लिहिला. मीही सोबत होतो. म्हणजे त्या शिकल्या, मी हजेरी लावली.

वेळ संपली की विहिरीवरच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज:
“आबा, मोटर बंद करा!”

दादांची वेळ संपली की:
“अवो, बंद करा आता!”
नवऱ्याचं नाव भोंग्यावर कसं घेणार?

स्क्रीनवर लाल एरर आली की मी कपाळाला हात लावायचो. त्या टाळी वाजवायच्या.

“सापडलं भावजी! मोटर चालू व्हायच्या आधीच चूक सांगतंय बिचारं. आपल्या घरात कोण सांगतं आधी?”

या उन्हाळ्यात थ्री-फेज लाइटच्या वेळा बदलल्या. आबांचे दोन तास अडीच झाले.

मी ऐटीत प्रोग्रॅममध्ये 2.5 टाकलं.

मिसमॅच्ड टाइप्स. इंटिजर म्हणजे पूर्णांक हवा होता, फ्लोट म्हणजे दशांशाचा आकडा मिळाला.

मुलांच्या वहीत वचन चुकलं की मी अशीच लाल रेघ मारतो. यंत्र माझ्याच गोत्राचं निघालं.

मग मी शहाणपणा केला. फ्लोटला दामटून इंटिजर केलं. एरर गायब! मी विजयी!

फक्त अडीचातला अर्धा तासही गायब.

भोंग्यानं आबांना अर्धा तास आधीच मोटर बंद करायला उठवलं. आबा भडकले.
“मेल्यावर बी नवऱ्याचंच बघती व्हय सुनंदा? म्या न्हाई येनार वर्षश्राद्धाला जेवाया!”

दादांनी भोंग्याची वायर तेवढी काढून ठेवली.

चूक माझी, आळ वहिनींवर. दौंडला हे कळलं तशी काल पहिली एसटी धरून न्हावरे गाठलं.

लॅपटॉप उघडला आणि त्यांचं जुनं बोलणं आठवलं. मागे एकदा असंच करताना त्यांनी मला पकडलं होतं.

“भावजी, पाव्हण्याचं तोंड दाबून पंगतीत बसवू नका. त्याला काय पायजे ते इचारा की.”

विचारलं.

तास काढूनच टाकले. सगळीकडे मिनिटं! अडीच तास म्हणजे दीडशे. पूर्णांकच्या पूर्णांक, अर्धा तासही शाबूत.

एका जागी बदललं की दुसरीकडे एरर. तिथं बदललं की तिसरीकडे. आणि काय सांगू, प्रत्येक एररला मी टाळी वाजवत होतो! पुतणी आतून डोकावून गेली. मास्तर कामातून गेला, असं तिचं मत झालं असावं.

शेवटी कंपाईल झालं. एकही लाल ओळ नाही!! भोंग्याची वायर पुन्हा जोडली.

आज सकाळी आबा मनगटावरचं घड्याळ बघत विहिरीच्या काठावर बसले. मी श्वास रोखून.

“आबा, मोटर बंद करा!”

आबांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. उठून मोटर बंद केली.

“बरूबर हाय पोरीचं,” म्हणाले. “आंगूळ करून येतो जेवाया.”

दुपारी पंगत बसली. आबा पहिल्या पानावर. दादा बुंदी वाढत होते, तेवढ्यात विहिरीवरून आवाज आला.

“अवो, बंद करा आता!”

“व्हय, आलो!” दादा सवयीनं ओरडले.



दादांनी बुंदीचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि विहिरीकडे चालू लागले. अगदी सावकाश.

वहिनी, तुमच्या नावावरचा आळ उतरला. आता टाळी वाजवा.

तुमच्या हजेरीपुरत्या विद्यार्थ्याची मनापासून श्रद्धांजली.