पत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

कपाट आवरताना जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला. कोपऱ्यांवर लावलेल्या हळदीचा वास अजून येतो. प्रत्येकीच्या पाठीवर माझ्या अक्षरात एकेक स्पॅनिश शब्द आहे.

तेव्हा मी कोल्हापुरात नववीला स्पॅनिश शिकवत होते. मुलं गळ्यात एकेक शब्द अडकवून धावत रांगेत उभी राहायची आणि वाक्य तयार व्हायचं. त्यासाठी घरातल्या जुन्या पत्रिका आणायला सांगितल्या होत्या. चंदगडहून मामाकडे शिकायला आलेल्या सुमित्रानं एकटीनंच एवढा गठ्ठा आणला की मी खूश झाले. छापील बाजू वाचलीसुद्धा नाही.

खेळ रंगात आला तेव्हा एका मुलानं कार्ड उलटून पाहिलं. "मॅडम, हे लगीन तर येत्या रविवारी हाय की!"

"काय गं सुमित्रा, आम्हाला आवतण न्हाय व्हय?" मी म्हणाले. वर्ग खिदळला.

"ताईचं लगीन मोडलं, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "पत्रिका तशाच पडून हुत्या."

रांग सोडून मुलं आपापली कार्डं उलटून बघू लागली. मला मात्र राग आला तो खेळ मोडल्याचा. "मग हेच आता स्पॅनिशमध्ये सांग," मी म्हणाले.

तिनं एकेक शब्द शोधत सांगितलं. वाक्य अचूक होतं. माझी पद्धत किती चांगली, हे पटवताना हा किस्सा मी वर्षानुवर्षं मिरवला. एक गोष्ट मात्र कधीच सांगितली नाही. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, तेव्हा तिनंही वाजवल्या होत्या.